शेळ्यांशी बोलणारी सून

माझा भाऊ थोदोसीस सैन्यातली सक्तीची नोकरी संपवून उत्तरेहून परत आला, तो लग्न ठरवूनच. मुलगी किल्कीसजवळच्या एका खेड्यातली. नाव सिमेला, वय एकोणीस. आईबाप लहानपणीच गेलेले, आजीने वाढवलेली. ही आजी काळ्या समुद्राच्या पलीकडच्या काठावरून, पोंतसातून, निर्वासित म्हणून आलेली. आईने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "ग्रीक तरी आहेत ना?"

"ग्रीकच आहेत, आई."

"मग बोलतात काय?"

"पोंती."

"ते कसलं ग्रीक?" असं म्हणून आई मागाकडे वळली.

हा प्रश्न विचारणारी बाई स्वतः काय बोलत होती, ते सांगायला हवं. आमचं गाव लिओनिडिओ. लाल कड्यांच्या पायथ्याशी आणि समुद्राच्या जवळ. आम्ही घरात त्साकोनी बोलतो. अथेन्सच्या माणसासमोर आमची दोन माणसं बोलू लागली, तर त्याला वाटतं ही परदेशातून आली. बाकी सगळी ग्रीक बोली अलेक्झांडरनंतर बाजारात आणि फौजेत घडलेल्या सामाईक भाषेतून निघाली. आमची तेवढी त्याहून जुनी, स्पार्टाच्या डोरियन लोकांची. पोंती त्या सामाईक भाषेचंच मूल, पण इतक्या लांब वाढलेलं की ओळख पटत नाही. हे मला विद्यापीठात शिकवलं. आईला कुणी शिकवलं नव्हतं आणि तिचं काही अडतही नव्हतं. चर्चमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीचं ग्रीक, कोर्टात आणि वर्तमानपत्रात कुणाच्याही घरी न बोललं जाणारं शुद्ध ग्रीक, बाजारात रोजचं, आणि घरी आपलं. शाळेत घरची भाषा तोंडून निघाली की मास्तर छडी उगारायचे. अशा गावात उत्तरेतली सून येणार होती.

लग्न तिकडेच झालं. आमच्याकडून बाबा एकटेच गेले. बाबांचं नाव कोस्मास. ते मुळातच कमी बोलणारे. शेळ्यांमागे आयुष्य गेलं, त्यांना बोलायची फारशी गरज पडली नाही. परत आल्यावर आईने मुलीबद्दल विचारलं, तर म्हणाले, "चांगली आहे." आजीबद्दल विचारलं, तर म्हणाले, "दारू चांगली होती."

ऑक्टोबरात थोदोसीस बायकोला घेऊन आला आणि लवकरच पिरेयसहून बोटीवर चढला. तो खलाशी, वर्षभर तरी परत येणार नव्हता. मी अथेन्सला कॉलेजात. घरात उरले आई, बाबा आणि सिमेला.

पहिल्याच संध्याकाळी सिमेलाने परातीत कोमट पाणी आणलं, बाबांसमोर गुडघे टेकले आणि त्यांचे पाय धुतले. बाबा लाजेने लाल झाले. आईला मात्र ते आवडलं. "बघ, वळण आहे पोरीला," ती म्हणाली. मग तिने सिमेलाला विचारलं, तिकडे तुम्ही कोबीत काय घालता. सिमेलाने मान खाली घातली. पुन्हा विचारलं. मान आणखी खाली गेली. आईने आपलं मोडकंतोडकं बाजारी ग्रीक वापरून पाहिलं. उत्तर नाही.

ती आईशी बोलली नाही, बाबांशी बोलली नाही. मी नाताळच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा माझ्याशीही बोलली नाही. मी तिच्याहून वर्षाने मोठी. काही मागितलं तर आणून द्यायची, काही सांगितलं तर करायची. हो असेल तर मान हलवायची, नाही असेल तर आमच्याकडे सगळेच करतात तशी मान वर उडवून जिभेने 'च्च' करायची. त्यापलीकडे एक अक्षर नाही.

आईने आधी ठरवलं, मुलगी बहिरी आहे. तिने सिमेलाच्या पाठीमागे तांब्याची कढई फरशीवर टाकली. सिमेला दचकून वळली, कढई उचलली, पोचा आला का बघितलं आणि खुंटीला लावली. मग आईने ठरवलं, मुकी आहे, त्या निर्वासितांनी मुकी मुलगी माझ्या साध्याभोळ्या पोराच्या गळ्यात मारली. थोदोसीस साधाभोळा होता हे मला तेव्हाच प्रथम कळलं.

मुकेपणाचा सिद्धांत नोव्हेंबरात पडला. आई गोठ्यामागच्या वाटेने येत होती आणि आतून आवाज आला. सिमेला दूध काढत होती आणि शेळ्यांशी बोलत होती. सलग, भरभर, मध्येच हसत, जणू वर्षाचं साचलेलं सांगतेय. त्यातही तांबड्या कानाची एक शेळी होती, तिला तर ती प्रश्न विचारून उत्तराची वाट बघत होती. आई दारात जाऊन उभी राहिली. सिमेला उठली, मान खाली घातली आणि गप्प.

शेजारची स्तामाता आईची जिवाभावाची. तिला आईने काय सांगितलं ते मी नंतर ऐकलं. म्हणे, शेळ्यांशी बोलते आणि माझ्याशी नाही. म्हणजे मी शेळीपेक्षा खालची. स्तामाताने आगीत तेल ओतलं. ही माणसं तिकडे तुर्कांत राहिलेली, कुणाला ठाऊक काय पुटपुटते, करणी असेल. उत्तरेतून आलेल्या निर्वासितांना तेव्हा लोक तोंडावर तुर्काचं बियाणं म्हणायचे. आमचं गाव त्यात मागे नव्हतं, उगीच शहाणपणा कशाला सांगू.

तेव्हापासून आई तिला घुमी म्हणू लागली. नंतर ओंडका. नंतर आणखी बरंच. सगळं त्साकोनीत, तिच्या समोरच, कारण उत्तरेच्या पोरीला आपलं काय कळणार. स्तामाता आणि बाकीच्या बायकाही मागापाशी येऊन बसत आणि वाटेल ते बोलत. कुणाचा नवरा कुठे जातो, कुणाच्या तेलात काय मिसळलेलं असतं. सिमेला तिथेच बसलेली असायची. त्यांच्या लेखी ती भिंतीला टेकवलेली फळी होती.

माग म्हणजे आमच्या घराचा पोटापाण्याचा अर्धा भाग. आमच्याकडचे गालिचे उभ्या मागावर विणतात आणि दोघी शेजारी बसतात. एक पुकारते, दुसरी विणते: तीन लाल, एक काळा, परत फीर, दोन निळे. पुकारणारी आई. आधी ती चिडून सिमेलाचा हात धरून योग्य धाग्यावर नेऊन ठेवायची. नाताळात मी पाहिलं, तर आई छताकडे बघत पुकारत होती आणि सिमेलाचे हात बिनचूक चालले होते. मी आईला म्हटलं, तिला कळतंय. आई म्हणाली, माकडालाही कळतं. मी मग सिमेलाशी रोजच्या ग्रीकमध्ये बोलून पाहिलं, मग पुस्तकी जुन्या ग्रीकमध्ये. तिने माझ्याकडे इतक्या दयेने पाहिलं की मी नाद सोडला.

तुम्ही विचाराल, बाबांनी काय केलं? बाबांना घरात आणखी एक न बोलणारं माणूस आलं याचा मनापासून आनंद झाला होता.

ईस्टरला गोष्ट हाताबाहेर गेली. रविवारी दुपारच्या प्रार्थनेला आमच्याकडे तेच एक शुभवर्तमान वेगवेगळ्या भाषांत वाचतात. त्या वर्षी मला फ्रेंच वाचायला दिलं होतं, आईने मोठ्या दिमाखात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. वाचन संपलं आणि लोक एकमेकांची गळाभेट घेऊ लागले. समोरचा म्हणतो, ख्रिस्त उठला. आपण म्हणायचं, खरोखर उठला. हे चर्चच्या ग्रीकमध्ये, सगळ्या ख्रिस्ती ग्रीकांना पाठ. पोंतसातल्यांनाही. बाबा सिमेलाकडे वळले आणि म्हणाले, "ख्रिस्त उठला." सगळं गाव बघत होतं. सिमेलाने वाकून त्यांचा हात चुंबला, ओठ हलले असतील नसतील, पण आवाज नाही.

स्तामाता म्हणाली, "देवालासुद्धा उत्तर नाही, बाई."

आम्ही घरी आलो. आई दारात मला म्हणाली, "उद्या पोस्टात जा आणि तार कर. तिच्या आजीला म्हणावं, येऊन घेऊन जा."

मी म्हटलं, थोदोसीसला विचारू. आई म्हणाली, तो बोटीवर आहे, मी इथे आहे. परत पाठवलेल्या सुनेचं काय होतं ते मला ठाऊक होतं आणि आईलाही. तिकडे तिला पुन्हा कुणी करून घेणार नव्हतं आणि आजी आज ना उद्या जाणार होती. पण आईचा अपमान भरचर्चमध्ये झाला होता. तार मी केली. तारेचं ग्रीक कोर्टाच्या ग्रीकसारखं, त्यात कुठलीच गोष्ट माणसाची वाटत नाही.

आजी आठवड्याने बोटीने आली. मी कॉलेज बुडवून थांबले होते, कारण हे बघणं वर्गात बसण्यापेक्षा महत्त्वाचं होतं. तिचं नाव एव्लाम्बिया. काळा पोशाख, हातात लोण्याचं मडकं आणि वाळवलेल्या ताकाच्या गोळ्यांची पिशवी. अंगणात सिमेलाची पेटी दोरीने बांधून तयार ठेवली होती. म्हातारीने पेटीकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं आणि म्हणाली, "ख्रिस्त उठला."

"खरोखर उठला," आई म्हणाली. ईस्टरनंतर चाळीस दिवस हाच नमस्कार चालतो, नाही म्हणता येत नाही.

इथपर्यंत दोघींना एकमेकींचं कळलं. पुढे घरात येऊन बसल्यावर आजी पोंतीत बोलू लागली, आई त्साकोनीत, आणि दोघींनाही समोरची बाई मुद्दाम वेड पांघरते आहे असं वाटू लागलं. दोघी आवाज चढवू लागल्या, जणू ओरडल्याने भाषा बदलते. बाबा कोपऱ्यात. सिमेला भिंतीपाशी उभी, मान खाली. या खोलीत दोन्ही भाषा येणारी ती एकटी होती, हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं.

मला पोंतीचं निम्मं कळत होतं, निम्मं अंदाजाने. मी मध्ये पडले. आजी काय म्हणाली ते आईला सांगितलं, "त्या विचारतात, मुलीने गुन्हा काय केला?"

सिमेलाने किंचित मान हलवली. बरोबर होतं.

"सांग तिला," आई म्हणाली, "दगड आणून बसवला माझ्या घरात. माझ्याशी बोलायला लाज वाटते तिला."

मी ते जरा सौम्य करून आजीला सांगितलं, की मुलगी घरात मिसळत नाही. भिंतीपाशी 'च्च' झालं. मी वळून पाहिलं. सिमेलाची मान वर उडाली होती. सौम्य केलेलं तिला मान्य नव्हतं. मला राग आला. ही बया तोंड उघडणार नाही, पण माझं भाषांतर तपासणार. मग मी शब्दाला शब्द सांगितलं: तुमची नात ऑक्टोबरपासून सासू-सासऱ्यांशी एक शब्द बोललेली नाही.

"एकही नाही?" आजीने विचारलं.

"एकही नाही."

म्हातारीने छातीवर क्रॉस केला. उठली, सिमेलाजवळ गेली, तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि कपाळाचं चुंबन घेतलं. डोळे भरून आले होते. मग आजी आमच्याकडे वळली आणि तिचा चेहरा बदलला.

ती जे बोलली ते मला पहिल्यांदा नीट लागलं नाही, म्हणून मी पुन्हा विचारलं आणि एकेक वाक्य सिमेलाच्या मानेवर तपासून घेतलं. त्यांच्याकडे नवी सून सासू-सासऱ्यांसमोर, नवऱ्याच्या बहीणभावंडांसमोर बोलत नाही. हा मान आहे, सगळ्यात मोठा मान. सासरा एक दिवस तिच्या हातात काहीतरी भेट ठेवतो, नाव घेऊन म्हणतो बोल, आणि तेव्हा ती बोलते. जितकं मौन कडक, तितकं घराण्याचं नाव मोठं.

"विहीणबाई," आजी आईला म्हणाली, आणि हे मी अक्षरशः सांगितलं, "आमच्याकडचा सगळ्यात कंजूष सासराही पहिल्या ईस्टरच्या आत सुनेचं तोंड उघडतो. तुम्ही कसली माणसं? पोरीला कुलूप घातलंत आणि वर मलाच तार करता?"

आई म्हणाली, मी तर रोज बोल म्हणते. आजी म्हणाली, रागावून बोल म्हटलेलं मोजत नाहीत. आई म्हणाली, मग मुलीने सांगायचं. आजीने विचारलं, कशाने सांगायचं?

थोदोसीसलाही कधी कळलं नव्हतं, कारण खोलीत त्याच्याशी ती पोपटासारखी बोलायची आणि आईसमोर गप्प राहायची ती लाजून, असं त्याला वाटायचं. सिमेलाने त्याला सांगितलं नाही, कारण सूर्य पूर्वेला उगवतो हे कुणी कुणाला सांगत नाही. तिच्या जगात हे सगळ्यांना ठाऊक होतं. मला तिने लिहून दाखवायला हवं होतं असंही कुणी म्हणेल. मी नंतर विचारलं होतं तिला. म्हणाली, पळवाटेने पाळलेला मान तो कसला मान.

बाबा कोपऱ्यातून म्हणाले, "एवढंच होय?" आणि बाहेर गेले. आले ते तांबड्या कानाची शेळी ओढत. शेळी उंबऱ्यावर अडली, बाबांनी मागून ढकलली. दोरी सिमेलाच्या हातात दिली.

"ही तुझी, सिमेला," ते म्हणाले. "बोल, पोरी."

सिमेलाने आधी आईकडे पाहिलं. आणि माझ्या लक्षात आलं की आईचा चेहरा उतरलाय. आई भांडणाला घाबरणारी बाई नव्हती. ती मनातल्या मनात ऑक्टोबरपासूनचे दिवस आठवत मागे मागे जात होती. घुमी, ओंडका, तुर्काचं बियाणं. मागापाशी, चुलीपाशी, सिमेलाच्या कानापाशी. आई हळू आवाजात म्हणाली, त्साकोनीतच, "हिला आपलं काही कळत नसणार."

"सगळं कळतं, आई," सिमेला म्हणाली.

आमच्या त्साकोनीत. आईच्याच हेलात, वाक्याच्या शेवटी आई जशी आवाज खाली टाकते तशी. शिकवलं कुणी नव्हतं. इतके महिने फक्त ऐकून ऐकून तिने आईची भाषा उचलली होती, आणि जिच्याकडून उचलली तिच्यासारखीच ती बोलत होती.

"सगळं?" आईने विचारलं.

"ओंडका म्हणालात ते. माकड म्हणालात ते. निळ्या गालिच्यात तुमचंच पुकारणं चुकलं आणि स्तामाताबाईंना माझं नाव सांगितलंत ते." सिमेलाने शेळीची दोरी हाताभोवती गुंडाळली. "फेब्रुवारीत मला ताप चढला होता. तुम्ही उशाशी बसून म्हणत होतात, मरू नकोस गं घुमे, मला आता दुसरीची सवय व्हायची नाही. तेही कळलं."

आईने पदरासारखा ओढलेला रुमाल डोक्यावर पुन्हा बांधला. तो सुटलेला नव्हता. बराच वेळ बांधत राहिली. आजीला यातलं अक्षर कळलं नव्हतं, ती माझा हात ओढून विचारत होती, काय म्हणाली, काय म्हणाली. शेळीने ताकाच्या गोळ्यांची पिशवी शोधून काढली होती.

शेवटी आई म्हणाली, "मग आता तोंड उघडलंच आहेस, तर तुझ्या आजीला विचार, कॉफी गोड घेते की कडू. कधीची विचारतेय मी, कुणी सांगेल तर शपथ."

सिमेलाने विचारलं. आजी म्हणाली, गोड. आईने भांडं चुलीवर ठेवलं आणि बाबांना म्हणाली, "कोस्मा, ती पेटी आत आण. दव लागेल."

संध्याकाळपर्यंत स्तामाता कुंपणापाशी आली, पेटी गेली का बघायला. सिमेला अंगणात होती. तिने स्तामाताला त्साकोनीत नमस्कार केला, प्रकृती विचारली आणि तेल कसं झालं यंदा, तेही विचारलं. स्तामाताचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्या आठवड्यात गल्लीतल्या निम्म्या बायका एकेक करून आमच्याकडे काही ना काही घेऊन आल्या. कुणी वांग्याचा मुरंबा, कुणी अंडी. सिमेलाने सगळं घेतलं आणि कुणाचं काही बाहेर काढलं नाही. गप्प राहणं तिला येतच होतं.

आजी आठ दिवस राहायला म्हणून राहिली, ती ऑगस्ट संपेपर्यंत. ती आणि आई रोज भांडायच्या, आता सिमेलाच्या तोंडून. ती मधलं काहीही सौम्य करत नसे.

सिमेलाने तीन मुलं वाढवली, आणि त्साकोनीत वाढवली. त्या काळात आमच्याच गावातल्या, आमच्याच रक्ताच्या बाया पोरांशी शाळेचं ग्रीक बोलू लागल्या होत्या, पोरं पुढे जावीत म्हणून. मी स्वतः शिक्षिका, मी काय सांगणार त्यांना? त्यांनी सिमेलालाही सांगून पाहिलं, मुलांचं नुकसान करतेस. ती म्हणायची, मी ही भाषा एक शब्द न बोलता शिकले, माझी मुलं बोलून शिकतील, त्यांना काय धाड भरलीय. आज गावात धड त्साकोनी बोलणारी माणसं मोजकी उरली, त्यात तिची तिन्ही मुलं आहेत. मोठा वकील आहे. नुकसान झालेलं मला तरी दिसत नाही.

त्याच वकिलाने क्रीटची मुलगी केली. ती लग्नानंतर पहिल्यांदा घरी आली, तेव्हा सिमेलाने तिला उंबऱ्यावरच थांबवलं. पोरगी घाबरली. सिमेलाने तिच्या हातात बांगडी ठेवली, नाव घेतलं आणि म्हणाली, "बोल. कुठल्याही बोलीत बोल, आम्ही लावून घेऊ. पण या घरात आजपासून बोलायचं."

ती जी बोलायला लागली ती आजतागायत. सिमेला दुपारी माझ्याकडे येऊन बसते ती थोडी शांतता मिळावी म्हणून. मी तिला कॉफी देते, आणि तीच बोलत राहते.